दुबार पेरणीचं बियाणं

ओडिशातल्या चिलिका सरोवराला समुद्राकडे नवं तोंड कुठे फोडायचं, हा प्रश्न १९९०च्या दशकात खडकवासल्याला आला. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या, बंदरं, खाड्या यांचा अभ्यास चालतो. संस्था १९१६ सालची. तिथल्या अभियंत्यांनी चिलिकाच्या भरती-ओहोटीचा आणि वाळूचा हिशेब मांडला, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यातून ठरलेल्या जागी, सिपाकुडाजवळ, २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूचा पट्टा कापला गेला आणि सरोवर नव्यानं समुद्राला मिळालं.

चिलिका पावसाळ्यात सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं. महानदीच्या फाट्यांतून त्यात गोडं पाणी आणि गाळ येतो, भरतीबरोबर खारं पाणी येतं, आणि या दोन्हींच्या मिश्रणावर तिथली मासळी आणि मासेमारांची गावं जगतात. पण किनाऱ्यालगत सरकणारी वाळू सरोवराचं जुनं तोंड उत्तरेकडे ढकलत गेली. समुद्रापर्यंतची वाट लांबली, गाळानं उथळ झाली, भरती आत पोचेना. खारेपणा घटला तशी गोड्या पाण्यातली तणं माजली आणि मासळी आटली. १९८१ पासून रामसर यादीत असलेलं हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळ जागांच्या माँट्रो नोंदवहीत गेलं. नव्या तोंडानं समुद्राची वाट १८ किलोमीटरनं कमी केली. वर्षाला दीड-दोन हजार टनांवर आलेली मासळी दोनेक वर्षांत ११ हजार टनांच्या वर गेली, आणि २००२ मध्ये चिलिकाचं नाव माँट्रो नोंदवहीतून निघालं. आशियात असं प्रथमच घडलं.

कार्यपूर्ती अहवाल लिहायला ही जागा उत्तम होती. पण कापलेलं तोंड जागेवर राहिलं नाही. वाळू सरकतच होती. २००८ मध्ये समुद्रानं गाबाकुंडाजवळ आपणहून आणखी एक तोंड फोडलं. २०१३ चं फायलिन आणि २०१९ चं फनी या चक्रीवादळांनी किनारा पुन्हा हलवला. सरोवराची रचना दर काही वर्षांनी बदलते, तेव्हा ‘एकदा दुरुस्त केलं’ हे वाक्यच तिथे लागू पडत नाही. चिलिकाचं नशीब असं, की १९९१ मध्ये स्थापन झालेलं चिलिका विकास प्राधिकरण तोंड फोडल्यानंतर उठून गेलं नाही. खारेपणा, मासळीची आवक, इरावडी डॉल्फिनची गणना या नोंदी चालू राहिल्या. म्हणून समुद्रानं डाव बदलला तेव्हा काय बदललं हे सांगणारं कुणीतरी तिथे होतं.

जगभरात नद्या, पाणथळी, सरोवरं पूर्ववत करण्याचे जे मोठे प्रकल्प चालू आहेत, त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न हाच आहे. ज्याचं वागणं आपल्याला पुरतं कळलेलं नाही, अशा गोष्टीवर कोट्यवधी खर्चून काम करायचं कसं? त्याचं एक उत्तर ‘ॲडॅप्टिव्ह मॅनेजमेंट’ या नावानं ओळखलं जातं. मराठीत ‘अनुकूली व्यवस्थापन’ असा शब्द वापरतात. मला ‘शिकतं व्यवस्थापन’ जवळचं वाटतं. कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या पुस्तकात ही पद्धत मांडली, कार्ल वॉल्टर्स यांनी १९८६ मध्ये तिला गणिताची बैठक दिली. म्हणणं साधं आहे. प्रत्येक निर्णय हा अंदाज आहे असं मानायचं, तो अंदाज आधी लिहून ठेवायचा, काम अशा रीतीनं करायचं की अंदाज चुकला तर ते दिसेल, आणि चुकला असेल तर काय बदलायचं हेही आधीच ठरवायचं.

जाणता कोरडवाहू शेतकरी पहिल्या सरीवर सगळी पिशवी रिकामी करत नाही, दुबार पेरणीची वेळ आली तर थोडं बियाणं घरात असावं म्हणून बघतो. मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भूसंपादन असतं, सिमेंट असतं, दरवाढीची तरतूदही असते. आपला विचारच चुकला तर काय, यासाठीची तरतूद शोधावी लागते.

या पद्धतीचा सर्वांत लांबलेला आणि सर्वांत बोधप्रद प्रयोग ॲरिझोनातल्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली चालू आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

कोलोरॅडो नदीवरच्या या धरणात १९६३ पासून पाणी अडवायला सुरुवात झाली. धरणाखाली पंचवीसेक किलोमीटरवर ग्रँड कॅन्यन सुरू होतं. धरणापूर्वी ही नदी गढूळ होती, उन्हाळ्यात कोमट असे, आणि दर वसंतात पूर येऊन काठांवर वाळू टाकून जाई. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट असतं तशी वाळवंटं त्या दरीत जागोजागी होती. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढत, वर झुडपं धरत. धरणानं वरची वाळू जलाशयातच अडवली. खाली येऊ लागलं ते स्वच्छ, थंडगार पाणी. शिवाय विजेची मागणी वाढली की विसर्ग वाढवायचा, घटली की कमी करायचा, त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दरीत रोज भरती-ओहोटी होऊ लागली. वाळवंटं झिजत गेली.

१९९२ मध्ये अमेरिकी संसदेनं ग्रँड कॅन्यनच्या रक्षणासाठी कायदा केला. त्यानंतर ठरलं की धरणातून मुद्दाम पूर सोडून बघायचा. मार्च १९९६ च्या अखेरीस अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या हस्ते तो सोडला गेला आणि सात दिवस ४५,००० क्युसेक विसर्ग ठेवला गेला. खडकवासल्यातून तीस-पस्तीस हजार क्युसेक सोडणार म्हटलं की पुण्यातल्या नदीकाठच्या वस्त्या धास्तावतात, यावरून तो आकडा मनात उभा राहील. पाणी ओसरल्यावर दरीत नवी, उंच वाळवंटं दिसली. सगळ्यांना प्रयोग फत्ते झाल्याचा आनंद झाला.

मोजणी चालू होती म्हणून खरी गोष्ट कळली. प्रयोगामागचा अंदाज असा होता, की उपनद्यांनी आणलेली वाळू नदीच्या तळाशी वर्षानुवर्षं साठते आणि पूर तीच उचलून काठावर ठेवतो. प्रत्यक्षात ती वाळू काही महिन्यांतच वाहून जात होती. १९९६ च्या पुरानं काठावर टाकलेली बरीचशी वाळू जुन्याच वाळवंटांच्या पाण्याखालच्या भागातून ओरबाडलेली होती. व्याज समजून भांडवल खर्च झालं होतं, आणि असे पूर वारंवार सोडले असते तर उरलंसुरलं वाळवंटही गेलं असतं.

यानंतर जे झालं ते मला या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ‘पूर सोडा’ हा उपाय कुणी टाकून दिला नाही, आणि तो तसाच रेटलाही नाही. त्याची वेळ बदलली. धरणाखाली येऊन मिळणारी पारिया नदी गढूळ पुरांबरोबर ताजी वाळू आणते. ती आल्याबरोबर, वाहून जायच्या आत, धरणातून पूर सोडायचा असं ठरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये तसा प्रयोग झाला, मार्च २००८ मध्ये आणखी एक, आणि २०१२ मध्ये या शिकण्याचा नियम झाला. वाळूचा जमाखर्च मांडायचा आणि पुरेशी शिल्लक दिसली तर पूर सोडायचा. त्या नियमाखाली २०१२, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये पूर सोडले गेले. एका चुकलेल्या अंदाजाला हिशेबाच्या वहीपर्यंत पोचायला १६ वर्षं लागली. ही संथ गतीही लक्षात ठेवावी लागते.

किड्यांचा प्रयोग याहून छोटा आणि फार देखणा. नदीतले काही कीटक पाण्याच्या कडेला दगडांवर अंडी चिकटवतात. विसर्ग जास्त असताना घातलेली अंडी काही तासांत पाणी उतरलं की उघडी पडून सुकतात. मासे आणि पक्षी ज्या किड्यांवर जगतात ते त्या दरीत इतके कमी का, याचं एक कारण असं सापडलं. त्यासाठी तराफ्यांवरून पर्यटकांना नेणाऱ्या वाटाड्यांनी रात्री मुक्कामाला दिव्याचे सापळे लावून किडे गोळा करून दिले होते. मग २०१८ च्या उन्हाळ्यापासून शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवून पाहिला. त्या दिवशी घातलेली अंडी पुढे पाण्याखालीच राहतात. सुट्टीला विजेची मागणी कमी, त्यामुळे तोटाही कमी. नदीला काय हवं आणि वीजकेंद्राला काय परवडतं, हे दोन्ही जाणणारी माणसं एका टेबलाशी बसत असल्याशिवाय अशी युक्ती सुचत नाही.

पण याच नदीनं या पद्धतीच्या मर्यादाही दाखवल्या. ग्रँड कॅन्यनमध्ये पाठीवर कुबड असलेला ‘चब’ नावाचा दुर्मीळ मासा आहे. बाहेरून आणून सोडलेला ट्राउट त्याच्याशी अन्नासाठी झगडतो, त्याची पिल्लंही खातो. म्हणून २००३ ते २००६ या काळात लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ ट्राउट पकडून मारण्याचा प्रयोग झाला. शास्त्राच्या दृष्टीनं तो नीट आखलेला होता. झुनी या मूलनिवासी समाजाचा मात्र त्याला विरोध होता. त्यांच्यासाठी ते ठिकाण पवित्र, आणि तिथे एवढ्या संख्येनं जीव घेणं त्यांना मान्य नव्हतं. कितीही मोजमाप केलं तरी हा आक्षेप बरोबर की चूक ते ठरत नाही. प्रयोग ‘यशस्वी’ झाला की नाही हे विचारण्याआधी तो कुणाच्या जागेत आणि कुणाच्या संमतीनं होतो आहे, हे विचारावं लागतं. पुढे ट्राउट मारण्याऐवजी जिवंत पकडून हलवण्याकडे धोरण वळलं, ते या आक्षेपामुळे.

दुसरी मर्यादा दुष्काळानं दाखवली. जलाशय खालावला तसं वरच्या थरातलं कोमट पाणी खाली येऊ लागलं आणि त्यानं चबला मदतच झाली. २०२१ मध्ये त्याची धोक्याची श्रेणी एक पायरी उतरली. त्या यशाचं श्रेय कुठल्याही एका प्रयोगाला सरळ देता येत नाही. पण २०२२ मध्ये तेच कोमट पाणी जलाशयातल्या शिकारी बास माशांना धरणाखाली घेऊन आलं, ते खाली वीण घालू लागले, आणि चबची चिंता नव्यानं सुरू झाली. शिवाय या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट कधीच हलली नाही. वर्षाला एकूण किती पाणी खाली सोडायचं हे १९२२ च्या पाणीवाटप करारावर आणि त्यानंतरच्या नियमांवर ठरतं. तास, वार, ऋतू बदलायची मुभा आहे, वर्षाचा एकूण आकडा बदलण्याची नाही. शिकण्याला परवानगी कुठपर्यंत आहे, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेलं असतं, आणि बहुधा सर्वांत मोठा प्रश्न त्या रेषेच्या पलीकडे असतो.

फ्लोरिडातली किसिमी नदी हे याहून सुखद उदाहरण. १९४७ च्या महापुरांनंतर पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात वळणावळणांची सुमारे १६६ किलोमीटरची ही नदी ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली गेली. काठची पाणथळ सुकली, पाण्यातला प्राणवायू घटला, पाणपक्षी गेले. नदी परत वळवायची, तर आधी १९८० च्या दशकात एका टप्प्यात कालव्यावर छोटे बंधारे घालून काही पाणी जुन्या वळणांत सोडून पाहिलं. वळणांतला कुजका थर धुऊन निघाला, वनस्पती परतू लागल्या, पण एवढ्यानं भागणार नाही हेही कळलं. कालवा सलग बुजवावाच लागणार होता. १९९९ मध्ये बुजवायला सुरुवात झाली, २०२१ मध्ये सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजवून बांधकाम संपलं. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती आधी नोंदवली गेली होती, आणि प्राणवायूपासून पक्ष्यांपर्यंत २५ अपेक्षा लिहून ठेवल्या होत्या. आता प्रत्येक अपेक्षेसमोर खूण करता येते, किंवा नाही.

त्याच पाण्याच्या वाटेवर, दक्षिणेला, एव्हरग्लेड्स आहे. तिथली २००० साली मंजूर झालेली योजना ६८ घटकांची आहे आणि खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तिच्यातला एक घटक म्हणजे पावसाळ्यातलं जादा पाणी ३३३ विहिरींतून खोल जमिनीत भरून ठेवायचं आणि कोरड्या हंगामात उपसायचं. एकदम ३३३ न खोदता आधी नमुन्यादाखल विहिरी घेतल्या. पहिल्या फेऱ्यांत उपसलेल्या पाण्यात खडकातलं आर्सेनिक विरघळून येताना दिसलं, पुढच्या फेऱ्यांत ते कमी झालं. भूगर्भातल्या दाबाचा अभ्यास झाल्यावर इतक्या विहिरी तिथे मावणारच नाहीत असंही कळलं. कागदावरचा आकडा खाली आला. शोध लागून आकडा कमी झाला, ही माझ्या मते योजनेची मोठी कमाई आहे.

पण मूळ आराखडा १९६५ ते १९९५ या काळातल्या पावसावर बेतलेला होता. समुद्र चढतो आहे, पाऊस बदलतो आहे, आणि मागच्या तीन दशकांसारखीच पुढची असतील हे गृहीतक एव्हाना टिकत नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीची स्वतंत्र समिती दर दोन वर्षांनी या कामाचा अहवाल संसदेला देते आणि हे दोष उघडपणे लिहिते. बाहेरच्या जाणकारांनी ठरलेल्या काळानं येऊन तपासणं कायद्यातच असणं, हा त्या योजनेतला सर्वांत अनुकरणीय भाग आहे.

या पद्धतीवर टीका करणाऱ्यांत पहिलं नाव तिच्याच जनकांपैकी एकाचं आहे. कार्ल वॉल्टर्स यांनी १९९७ मध्ये स्वतः भाग घेतलेल्या २५ योजनांचा हिशेब मांडला. त्यातल्या ७ प्रत्यक्ष प्रयोगापर्यंत पोचल्या, आणि नीट आखलेल्या म्हणाव्यात अशा फक्त २. बाकीच्या संगणकाच्या प्रतिमानांत, बैठकांत आणि खर्चाच्या भीतीत अडकल्या. हे आजही खरं आहे. ‘अजून अभ्यास चालू आहे’ हे वाक्य निर्णय लांबवण्यासाठी फार सोयीचं असतं. ज्यांच्याकडे आज पाणी आहे त्यांना लांबणीवर पडणं परवडतं, खालच्या माणसाला परवडत नाही. आणि काही चुका परत फिरवताच येत नाहीत. एखादी जात नाहीशी झाली की तिथे दुबार पेरणी नसते. अशा ठिकाणी ‘करून बघू’ म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते मोजणीचं दुर्भिक्ष. पैसे आटले की पहिली कात्री देखरेखीला लागते, कारण तिचं उद्घाटन करता येत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात म्हटलं, की भूजलपातळी आणि पाण्याची गरज भागवणं या दोन्ही बाबतींत त्याचा परिणाम फारसा दिसला नाही आणि झालेल्या कामांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झालं. त्यावरून राजकीय वाद भरपूर झाला. मला वाटतं, कुठल्या खडकात नाला खोल केल्यानं विहिरीला पाणी वाढतं आणि कुठे नुसतं शेजारच्याचं पाणी ओढलं जातं, हे शिकण्याची हजारो गावांत मिळालेली संधी हुकली, याची हळहळ त्या वादात हरवली. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल तर त्या वर्षीची पिकं बदलतात. ते एका गावाला जमतं, कारण मोजणारे, ठरवणारे आणि सोसणारे तिथे एकाच ग्रामसभेत बसलेले असतात.

खोऱ्याच्या पातळीवर आपल्याकडे आधी ठरवलेल्या नियमाचं एक उदाहरण आहे. मेंढेगिरी समितीच्या शिफारशींच्या आधारे राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. तुटीच्या वर्षी त्यावरून मोर्चे निघतात, प्रकरण न्यायालयात जातं, तरी तारीख ठरलेली आहे, टक्का ठरलेला आहे, आणि त्याचा फेरविचारही होतो. नियम माणसामाणसांतल्या वाटपाचा आहे. नदीच्या प्रकृतीवर तो हलत नाही.

नाशिककडून जायकवाडीला जाणारं गोदावरीचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांधलेल्या त्या बंधाऱ्यामागे गाळ साठून पाणथळ तयार झाली, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. तिथून किती क्युसेक पाणी खाली गेलं याची नोंद जलसंपदा विभाग ठेवतो. त्याच पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी वनविभाग मोजतो. एकाच बंधाऱ्यावरच्या या दोन वह्या आहेत, आणि १५ ऑक्टोबरच्या हिशेबात त्यांपैकी एकच उघडली जाते.